कणकुंबीच्या व्हाळातले पाय झटकणारे बेडूक

गुरुवार : खानापूर, हेम्माडगा, कॅसलरॉक

बेडूक बघायचे तर भर पावसात जावं, असं कुणीही सांगेल. जून-जुलैत आंबोलीच्या रस्त्यावर रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांची इतकी गर्दी होते, की बेडकांपेक्षा माणसंच जास्त भेटतात. आम्हाला हवा होता तो नाचरा बेडूक, दगडावर बसून मागचा पाय झटकणारा; तो मात्र पावसाचा जोर असेपर्यंत दर्शन देत नाही. व्हाळ, म्हणजे ओढा, दुथडी भरून धावत असतो तेव्हा तो कुठंतरी कपारीत गप्प असतो. पाणी उतरलं, दगडांची डोकी उघडी पडली, की मग त्याची लगीनसराई. म्हणून दसरा उलटल्यावर, भातं पिवळी पडायला लागल्यावर निघालो. मी आणि माझा मावसभाऊ. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळं खानापूर तालुक्यात शिरल्यापासून त्याला सगळे ‘सर’ आणि मला ‘ताई’.

पहिला दिवस खरं तर वाट वाकडी करण्याचा. कणकुंबीला जायला बेळगावहून पिरनवाडी, कुसमळी, जांबोटी असा सरळ रस्ता आहे. पण भावाला आधी कॅसलरॉक बघायचं होतं, म्हणून आम्ही खानापूर, हेम्माडगा, अनमोड असं फिरून गेलो. हेम्माडग्याचा रस्ता भीमगड अभयारण्यातून जातो. सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे जंगल २०११च्या डिसेंबरात अभयारण्य झालं. किल्ला त्याच्या पोटात आहे, आणि बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांमुळं जगभरातल्या वटवाघूळवाल्यांना खानापूर तालुका ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक झाले ते खड्डे. गाडीतली पाण्याची बाटली तीनदा मांडीवर सांडल्यावर भावानं ती पिऊनच टाकली.

कॅसलरॉक उत्तर कन्नडात, बेळगाव जिल्ह्याची हद्द संपली की लगेच. घाटमाथ्यावरचं रेल्वे स्टेशन. इथून रूळ दूधसागरच्या बाजूनं खाली कुळ्याला उतरतात. गाव एवढंसं. पण बेडकांच्या अभ्यासात त्याचं वजन मोठं. नेल्सन अ‍ॅनंडेल, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक, यांनी १९१९ साली मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांतल्या बेडकांवर लिहिलं, आणि कॅसलरॉकच्या एका झुडपी बेडकाचं नामकरण केलं ‘बॉम्बेएन्सिस’. आज त्याला राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस म्हणतात. सीमेचा विषय निघाला नाही तर तो बेळगावचा माणूस कसला? स्टेशनवरच्या चहावाल्याला हे नाव सांगितलं तर तो म्हणाला, “बघा, बेंडकाचं सुद्धा मुंबईत नाव घातल्यालं.” पुढं २००५ मध्ये इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी इथलाच एक निशाचर बेडूक जगापुढं आणला, निक्टिबॅट्रॅकस पेट्रियस. म्हणजे शाळेच्या सहलीला दूधसागर बघायला जाताना आपण ज्या स्टेशनवर केळी खाल्ली, तिथल्या दगडांत एकविसाव्या शतकापर्यंत बिननावाचा बेडूक बसून होता. हे ऐकल्यावर मला जरा मजा वाटली. भाऊ मात्र स्टेशनमागच्या ओढ्याकडं बघत राहिला, कारण त्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या.

मुक्काम खानापुरात आत्याकडं. जेवण, झोप, बाकी काही नाही.

शुक्रवार : जांबोटीवरून कणकुंबी

जांबोटीला मिरचीभजी आणि चहा. पुढं हब्बनहट्टीच्या मारुतीला गाडीतूनच हात जोडले. पावसाळ्यात हे देऊळ मलप्रभेच्या पाण्यात बुडतं. आता पायऱ्या उघड्या होत्या आणि कुणीतरी त्यांच्यावर धोतर वाळत घातलं होतं. जांबोटी सोडली की झाडी दाट होत जाते. ऐन, किंजळ, जांभूळ, मध्येच काजूची लागवड, आणि वळणावळणावर गोव्याहून येणारे नाही तर गोव्याला जाणारे ट्रक.

कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. इथलं पाणी पूर्वेला जातं: खानापूर, सौंदत्तीचं नविलुतीर्थ धरण, पुढं कूडलसंगमला कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. गावाच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस म्हादईला मिळतो आणि पणजीला मांडवी म्हणून अरबी समुद्रात उतरतो. एका गावात, एकाच सरीत पडलेल्या पाण्याच्या अशा दोन वाटा. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण देवळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं हातानं दाखवलं, “हिकडलं पानी तिकडं, तिकडलं पानी गोव्याला,” तेव्हा डोक्यात नकाशा नीट बसला.

आमचा मुक्काम गावाबाहेरच्या एका वाडीत. घरधनी भावाच्या विद्यार्थ्याचे मामा, म्हणून आमचेही मामाच. त्यांच्या मालकीच्या शेताला लागून एक व्हाळ वाहतो आणि त्याच्यासाठीच आम्ही आलो होतो. अभयारण्यात रात्री-अपरात्री हिंडायला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे. मालकीच्या जमिनीत मालक सोबत असला की प्रश्न नाही. मामींनी तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी आणि सोलकढी वाढली. जेवताना मामांनी विचारलं, “रातचं जाऊन काय हुडकालायसा ओ सर?” भावानं सांगितलं, बेडूक. मामा भाकरी मोडता मोडता थांबले. “बेंडूक? त्यास्नी पाव्हणं येत्यात व्हय!”

रात्रीचा फेरा तासाभराचा. नाचरे बेडूक दिवसाचे, त्यामुळं हा निव्वळ ओळखीचा फेरा होता. व्हाळावर वाकलेल्या एका फांदीच्या पानांवर मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं वाळून खपलीसारखं चिकटलेलं. त्यातली पिल्लं कधीच पाण्यात पडून मोठी झालेली. खाली दगडाच्या सांदीत एक निशाचर बेडूक होता, अंगावर बारीक सुरकुत्या, आणि टॉर्च टाकल्यावर डोळ्यातली बाहुली पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची दिसते. या गटातल्या काही जाती पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर अंडी घालतात आणि नर तिथंच राखणीला बसतो, असं भावानं सांगितलं. पाण्याला अंडी द्यायची पण वाहून जाऊ द्यायची नाहीत, यासाठी या डोंगरातल्या प्रत्येक बेडकानं काहीतरी वेगळीच युक्ती काढली आहे. मग झुडपातून दोन-चार वेळा ‘टिक, टिक’ ऐकू आलं. कोण ते ठरेना. जळवा कमी झाल्या होत्या, तरी एक माझ्या मोज्यातून घरापर्यंत आलीच.

शनिवार : दिवसभर व्हाळात

सकाळी ऊन झाडीतून खाली यायला नऊ वाजले. त्याआधी व्हाळ नुसता पाण्याचा आवाज. मामा पुढं, कोयतीनं कारवीच्या काड्या बाजूला करत. मग भाऊ, मग मी. त्याच्या दोनच अटी होत्या. एक, पाण्यात पाय घालायचा नाही. काठावरच्या कातळावरूनच चालायचं. दोन, बोलायचं असेल तर बोला, आवाजानं त्याला फरक पडत नाही, पण हात हलवू नका. पहिल्या अटीचं कारण दुपारी कळलं. दुसरीचं कारण तर समोरच होतं.

जिथं थांबलो तिथं व्हाळाची रुंदी दोन पुरुष आडवे झोपतील इतकी. वर लहानसा धबधबा, खाली खडकांची दाटी, मधून पाण्याच्या तीन-चार धारा. काठावर केवड्याची जाळी. पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. मग भावानं बोटानं नव्हे, हनुवटीनं दाखवलं. अर्ध्या वीतभर उंचीच्या काळ्या दगडावर, पाणी जिथं पातळ होऊन दगडावरून सरकत होतं, तिथं तपकिरी रंगाचा, अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक. दगडाच्या रंगात इतका मिसळलेला, की नजर हलली की हरवे. नाचऱ्या बेडकांच्या, म्हणजे मिक्रिक्सॅलस या गटातल्या जातींची लांबी साधारण १३ ते ३५ मिलिमीटर, त्यामुळं पहिल्यांदा बघणाऱ्याला तो पिल्लूच वाटतो. पिल्लू नव्हे, पूर्ण वयात आलेला नर.

आधी त्यानं गळा फुगवला. गळ्याखालची पिशवी पांढरीशुभ्र, त्या तपकिरी अंगावर एकदम दिसते. बारीक, धातूवर काहीतरी टिचवल्यासारखा आवाज आला. मग मागचा उजवा पाय जागच्या जागी उचलून टेकवला, परत उचलून टेकवला. आणि अचानक तोच पाय पूर्ण लांब करून मागं, बाजूला झटकला. बोटं पसरली, बोटांमधला फिकट पडदा छत्री उघडावी तसा उघडला, क्षणभर तसाच राहिला, आणि पाय अर्धगोल फिरून अंगाखाली परत. सगळं मिळून सेकंदभराचं काम. मी श्वास घेईपर्यंत संपलं होतं. मग डावा पाय.

समोरच्या दगडावर दुसरा नर होता, तो आम्हाला दिसलाच नव्हता. त्यानं उत्तरादाखल पाय झटकला तेव्हा दिसला. मग तिसरा. एकदा नजर बसल्यावर त्या दहा-बारा पावलांच्या टप्प्यात जागोजाग पाय हलताना दिसायला लागले. मामा जन्मापासून या व्हाळाच्या काठाला राहिलेले. ते उकिडवे बसले, बघत राहिले आणि म्हणाले, “आयला, हे रोजचं करत्यात व्हय? आमी आपलं पानी बघून जातो.”

हे नाच कशासाठी? वाहत्या पाण्याच्या गोंगाटात नुसत्या आवाजावर भागत नाही. म्हणून आधी ओरडून लक्ष वेधायचं आणि मग पायानं सांगायचं, हा दगड माझा. नाच मुख्यतः दुसऱ्या नरांना उद्देशून असतो, हे डोरिस प्रायनिंगर आणि सहकाऱ्यांनी कोट्टिगेहारच्या नाचऱ्या बेडकावर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आलं आहे. हे बेडूक एकमेकांना सरळ लाथाही घालतात, आणि निशाण दाखवल्यासारखी ही पायझटक मुळात लाथेतूनच आली असावी असं त्यांचं म्हणणं. दुपारी आम्ही तेही बघितलं. एक नर दुसऱ्याच्या दगडावर चढला, दोघांनी पाय झटकून पाहिले, कुणी हटेना, तेव्हा मालकानं मागच्या पायानं अशी काही लाथ हाणली की पाहुणा थेट धारेत. लाथ आणि नाच यांत फरक एवढाच, की नाचात लाथ कुणाला लागत नाही. बोर्निओतल्या काही बेडकांनी आणि ब्राझीलच्या ओढ्यांतल्या काहींनी हीच तऱ्हा वेगळ्यानं शोधून काढली आहे. त्यांचा आपल्या बेडकांशी जवळचा संबंध नाही. धबधब्याशेजारी संसार थाटला की हातवारे करावेच लागतात, असं दिसतं. आमच्या शहापुरातल्या मागावरच्या बायका खडखडाटात अशाच खुणांनी बोलायच्या.

मिक्रिक्सॅलिडी हे कुळ फक्त पश्चिम घाटात आहे, जगात दुसरीकडं कुठंच नाही. २०१४ साली एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी या गटातल्या एकदम १४ नव्या जाती जाहीर केल्या आणि जातींची संख्या २४ झाली. त्यांतली आमच्या भागातली म्हणजे मिक्रिक्सॅलस उत्तरघाटी. बाकीचे बहुतेक भाऊबंद दक्षिणेला, केरळ आणि कर्नाटकातल्या घाटात. त्याच संशोधकांनी नर-मादीचं प्रमाणही नोंदवलं, काही ठिकाणी शंभर नरांमागं एखादीच मादी दिसली. आम्ही सकाळपासून नरच बघत होतो, त्यामुळं हे पटायला वेळ लागला नाही. आपल्याकडच्या लग्नाळू पोरांची तालुक्यातली अवस्था मामांनी लगेच सांगितली, ती इथं लिहीत नाही.

मादी आली ती तीनच्या पुढं. नरापेक्षा मोठी, केवड्याच्या मुळातून निघून दगडांच्या कडेकडेनं. तिच्या वाटेवरच्या नरांची जी तारांबळ उडाली ती सांगण्यासारखी. दोघं एकाच वेळी ओरडायला लागले, एकानं पाय झटकता झटकता तोल घालवला. ती मात्र कुणाकडं न बघता पुढं सरकत होती आणि शेवटी खडकाच्या सावलीत, जिथं आमची नजर पोचत नव्हती, तिथं दिसेनाशी झाली. एक नर तिच्या मागं गेला. झालं, आमच्यासाठी एवढंच.

पुढं काय होतं ते भावानं सांगितलं. जोडी जमली की मादी उथळ पाण्यात उतरते आणि मागच्या पायांनी तळाची वाळू-खडी उकरून खळगा करते. त्यात अंडी घालायची आणि पायांनीच वरून खडी लोटून झाकून टाकायची. पिल्लं बाहेर येतात ती सुद्धा पाण्यात पोहायला येत नाहीत. तिथंच खडीखाली, वाळूत राहतात. २०१६ मध्ये मिक्रिक्सॅलस हेरेइच्या बेडूकमाशांवर श्रीलंकेच्या आणि भारताच्या संशोधकांनी लिहिलं तेव्हा हे जगाला कळलं. अंग लांबट, शेपूट दणकट, डोळ्यांवर कातडीचा पडदा, पोटात वाळू. वाळूतून जे काही कुजकं-माजकं मिळेल त्यावर गुजराण, आणि बेडूकमाशात सहसा नसतात त्या बरगड्याही यांना आहेत, वाळूत घुसायला उपयोगी पडाव्यात अशा. पायाखालच्या खडीत काय असू शकतं हे ऐकल्यावर मी आपोआप पाय जवळ घेऊन बसले.

मामा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, “सर, घर बांधताना हितनंच चार बुट्ट्या वाळू काढलो. चाळताना वामीच्या पिलावानी कायतरी वळवळायचं. बारीक, डोळं नसल्यालं. आमी म्हटलो गांडूळ असंल, टाकून दिलो.” भाऊ उडालाच. ते कुठल्या महिन्यात, किती लांब, रंग कसा, शेपटीला पडदा होता का, सगळं विचारून झालं. मामांची उत्तरं मोजकी होती. ते नक्की तेच होतं असं कोणी छातीठोक सांगणार नाही, पण भावानं वहीत ते सगळं उतरवून घेतलं आणि खाली मामांचं नाव घातलं. मामा वहीत डोकावून म्हणाले, “आडनाव बी घाला.”

साडेचारला ऊन कातळावरून उतरलं तसे आवाज कमी झाले. घरी जाताना मामांनी वरच्या अंगाला एक काळा पाइप दाखवला. कुणाच्या तरी सुपारीच्या बागेला पाणी जातं त्यातून. अजून डिझेलचं इंजिन बसवलेलं नव्हतं. “डिसेंबरात लावत्यात. मग संक्रांतीपासनं व्हाळ अर्धा,” मामा म्हणाले. “आमच्या लहानपणी होळीपतोर पानी असायचं.”

रविवार : चोर्ला, कळसा

चोर्ल्याला कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र जवळजवळ एकमेकांच्या अंगणात आहेत. रविवार असल्यानं घाटात गोव्याच्या नंबरप्लेटच्या गाड्या, सेल्फी, कणसं. आम्ही बेडकांच्या आणखी एका नातलगासाठी आलो होतो, तो दिसणार नाही हे माहीत असूनही. देवगांडूळ म्हणतात त्या बिनपायाच्या उभयचरांपैकी एक जात २००७ मध्ये याच भागातून वर्णन झाली आणि नाव ठेवलं गेलं गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस, म्हादईवरून. जमिनीखाली राहणारा प्राणी, पावसात कधी तरी वर येणारा. ऑक्टोबरात तो कोण दाखवणार? त्याच्याऐवजी एका वळणावर पाऊस ओसरल्यावरही वाहणारी धार, तिच्याखाली बाटल्या भरणारं एक कुटुंब, आणि दगडांवर चिप्सच्या पिशव्या. इथं नाचरे बेडूक असतील का, मी विचारलं. भावानं दोन मिनिटं ऐकलं, मान हलवली आणि गाडीत बसला.

परत येताना कणकुंबीजवळ कळसा नाला. बेळगाव-हुबळीच्या वर्तमानपत्रांत गेली कित्येक वर्षं ज्याचं नाव रोज छापून येतं, तो हा. म्हादईला मिळणाऱ्या कळसा आणि भांडुरा नाल्यांचं पाणी वळवून मलप्रभेत सोडायची योजना. अर्धवट खोदलेला कालवा, दोन्ही बाजूला तांबड्या मातीचे ढिगारे, त्यांच्यावर आता घाणेरीची झुडपं. म्हादई जल तंटा लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकच्या वाट्यात कळशाचे १.७२ आणि भांडुराचे २.१८. त्यानंतरही कोर्ट आणि मंजुऱ्या यांचं गुऱ्हाळ चालूच आहे.

मला यात कुणाची बाजू घ्यायची नाही. हुबळी-धारवाडच्या माणसाला नळाला पाणी मिळू नये असं कोण म्हणेल? नवलगुंद, नरगुंदच्या शेतकऱ्यांनी काढलेले मोर्चे काही हौसेचे नव्हते. पण अब्ज घनफुटांत बोलणाऱ्या या सगळ्या कागदांमध्ये एक माप कुठंच नाही. शनिवारी ज्या दगडावर तो नर पाय झटकत होता, तिथं पाणी दोन बोटं होतं. चार बोटं वाढलं तर दगड बुडतो आणि नाचायला जागाच राहत नाही. दोन बोटं कमी झालं तर खडी उघडी पडते, आणि खडीत अंडी असतात. बिजूंच्या गटानंही हीच काळजी लिहिली होती, की ओढ्याच्या ठराविक पातळीवर यांचं सगळं वेळापत्रक बांधलेलं आहे, आणि पाऊस बेभरवशाचा झाला की ते कोलमडतं. जगभरच्या उभयचरांचा २०२३ मध्ये जो आढावा निघाला, त्यात ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. आपल्या नाचऱ्यांच्या २४ जातींपैकी २ अतिसंकटग्रस्त आणि १५ संकटग्रस्त. एवढा मोठा कालवा न खोदताही त्यांचं काम तमाम करता येतं. त्याला एक काळा पाइप पुरतो.

हे मी भावाला म्हटलं, तर तो म्हणाला, मग मोज. म्हणजे काय? तर नुसतं ‘पाणी कमी झालं’ असं सगळेच म्हणतात. कुठल्या महिन्यात किती, हे कुणाकडं लिहिलेलं नसतं. टीएमसी मोजायला अधिकारी आहेत, बोटं मोजायला कुणी नाही. रात्री जेवणावर त्यानं मामांपुढं हा विषय काढला. व्हाळात एक पट्टी रोवायची आणि आठवड्यातून एकदा पाणी कुठंवर आहे ते लिहून ठेवायचं. मामींनी विचारलं, “त्याचं काय मिळतंय?” काही मिळत नाही, भाऊ म्हणाला. मामी हसल्या आणि त्याला आणखी भात वाढला.

सोमवार : खाचा

भावानं बेळगावहून सफेद पाइपाचा तुकडा आणला होता, त्यावर पट्टीनं खुणा केलेल्या. मामांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. “हे टिकत न्हाई ओ. म्हशी पानी प्यायला येत्यात, त्या मोडतील. म्हशी न्हाई मोडल्या तर खेकडी धरायला येनारी पोरं उपटून नेतील.” केवड्याच्या जाळीत लपवून रोवू, असं भाऊ म्हणाला. केवड्यात शिरून दर आठवड्याला आकडा कोण बघणार, हा मामांचा प्रश्न बरोबर होता. मग मी सुचवलं, कातळावरच रंगानं खुणा करू. गोठ्यात बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबड्या ऑइलपेंटचा डबा मी बघितला होता. भावानं ते उडवून लावलं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. त्याच्या पाण्यात रंग नको.

मामा काही न बोलता घरात गेले आणि पाट्याला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी घेऊन आले.

जागा निवडली ती बेडकांच्या टप्प्यापासून बरीच खाली, पायवाट व्हाळ ओलांडते तिथल्या काठाच्या उभ्या कातळाची. मामांनी पाण्याच्या आतल्या अंगापासून वर, दोन-दोन बोटांच्या अंतरानं आडव्या खाचा मारल्या. दगड कठीण, ठिणग्या उडत होत्या; अर्ध्या तासात सात खाचा झाल्या. बोटं कुणाची धरायची यावर थोडा वाद झाला, शेवटी मामांचीच धरली आणि भावानं प्रत्येक अंतर सेंटिमीटरमध्ये वहीत टिपून घेतलं. पाणी खालून चौथ्या खाचेला टेकलेलं होतं.

मामांच्या फोनला वाडीवर रेंज नाही, माउलीच्या देवळापाशी येते. तेव्हा ठरलं ते असं: दूध घालायला कणकुंबीत जाताना सोमवारी खाच बघायची आणि देवळापाशी आल्यावर भावाला कळवायचं. लिहायची वही मामींच्या ताब्यात. मामांच्या हाती दिली तर ती बिडी पेटवायला जाईल, असं त्यांचं म्हणणं. मामींनी नातवाच्या दप्तरातली अर्धी कोरी वही काढली, पहिल्या पानावरचे पाढे फाडून टाकले, तारीख घातली आणि मामांना विचारलं, “चौथी म्हनालासा का तिसरी?”